काही लागलं तर सांगा

खर्जदादा शिडीवरून पडला तेव्हा चर्चमध्ये त्याच्याशिवाय कुणीच नव्हतं. उंचावरच्या खिडकीची चौकट वाळवीने पोखरली होती. दुसऱ्या दिवशी बाप्तिस्म्याची उपासना होती, लोक येणार, वरून भुसा पडायला नको, म्हणून हा बाबा शनिवारी दुपारी एकटाच करवत-रंधा घेऊन गेला. वरून तिसरी पायरी मोडली. शिडी त्याने स्वतःच्याच हाताने बनवलेली होती, त्यामुळे दोष द्यायलाही कुणी सापडलं नाही.

तो सुतार होता. चर्चच्या गायकमंडळात सगळ्यांत खालचा सूर त्याचा. तो सूर लागला की पुढच्या बाकांच्या फळ्यासुद्धा घुमायच्या, म्हणून त्याचं नाव खर्जदादा पडलं. आणि तो सगळ्यांचा दादा, म्हणून त्याची बायको सगळ्यांची वहिनी. वहिनी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायची. यंत्रावर काच घासून फ्रेमच्या मापाला आणायची, कडा गुळगुळीत करायच्या, मग श्वास रोखून मोहरीएवढा स्क्रू बसवायचा. संध्याकाळी नवऱ्याच्या केसांत लाकडाचा भुसा आणि हिच्या नखांत काचेची पांढरी पूड. 'आपल्या दोघांना आधी उंबऱ्याबाहेर झटकून मग आत घ्यायला हवं,' असं तो म्हणायचा. एकुलती एक लेक लग्न होऊन परदेशी गेली होती. घरात दोघंच, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

दवाखान्यात तो बरेच आठवडे बेशुद्ध होता. त्या दिवसांत चर्चच्या मंडळीने जे केलं त्याला तोड नव्हती, हे वहिनी पुढेही कबूल करायची. डबा चुकला नाही. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ती कधी एकटी बसली नाही. पाळकसाहेब रोज यायचे, गुडघ्यांवर हात ठेवून बसायचे. तरुण माणूस, या चर्चमध्ये नवाच, बोलताना चष्मा सारखा वर ढकलायची सवय. मग एके सकाळी खर्जदादाने डोळे उघडले, आणि त्यानंतर काही दिवसांनी 'पाणी' म्हणाला. तो रविवार कुणी विसरणार नाही. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं की आपला दादा परत आला आहे, आणि माणसं ढसाढसा रडली. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी कुणी न सांगता त्याचं आवडतं गीत धरलं.

मंडळीच्या हिशेबी गोष्ट तिथे संपली. प्रार्थना झाली, उत्तर मिळालं, आभार मानून झाले. वहिनीची गोष्ट मात्र रुग्णवाहिका दारात उभी राहिली तेव्हा कुठे सुरू झाली.

घरी जो माणूस आला तो दिसायला खर्जदादाच होता. तेच रुंद खांदे, तोच अंगठ्यावरचा जुना व्रण. पण जेवून उठला की पुन्हा जेवायला मागायचा, आणि दिलं नाही तर टेबल उलथायचा. तोंडात घास कोंबत राहायचा, गिळायचं विसरायचा. भर दुपारी कपडे काढून खिडकीत उभा राहायचा. ज्या माणसाने बोटावर हातोडी बसली तरी 'अरे देवा' यापलीकडे काही म्हटलं नव्हतं, त्याच्या तोंडून अशा शिव्या यायच्या की वहिनी आधी खिडक्या लावून घ्यायची आणि मग त्याला आवरायला जायची. आवाजाला तेवढा धक्का लागला नव्हता. तोच खोल, घुमणारा आवाज. शिव्यासुद्धा त्या आवाजात चार घरं ओलांडून जायच्या.

आणि तो मारायचा. रोज नाही. रोज मारलं असतं तर तिने काही ठरवलं तरी असतं. पाच-सहा दिवस नुसता खुर्चीत बसून रडायचा, तिचा हात गालाला लावून ठेवायचा, आणि मग एकदम मोजा चढवताना लाथ यायची. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या पुढच्या भागाला मार आहे, लगाम तिथेच असतो, तो तुटलाय. औषधांनी थोडा फरक पडेल. थोडाच.

सुरुवातीला माणसं घरी आली. आनंदाने आली, हातात फुलं घेऊन, बरा झालेला दादा बघायला. दादाने कुणाला आईवरून शिवी दिली, कुणाच्या ताटातलं ओढून घेतलं. माणसं कसनुसं हसली, घड्याळाकडे बघितलं, काढता पाय घेतला. निघताना प्रत्येक जण दारात वहिनीचा हात धरून तेच म्हणायचा, 'काही लागलं तर सांगा हं.' ती म्हणायची, 'हो, सांगेन.' काय सांगणार? काय लागतंय ते कळायला आधी डोकं जागेवर लागतं, आणि तिच्या डोळ्याला डोळा लागून किती दिवस झाले होते कोण जाणे.

ऑर्गनवाल्या बाई मात्र पुन्हापुन्हा आल्या. वहिनीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, बोलणं तुटक. त्या यायच्या, भांडी घासायच्या, जायच्या. एके सकाळी वहिनी बाथरूममध्ये चादरी भिजवत होती आणि स्वयंपाकघरातून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. ती धावली. खर्जदादाने बाईंना कपाटाशी दाबून धरलं होतं, एक हात त्यांच्या तोंडावर आणि दुसरा नको तिथे. वहिनीने त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढला. कसा ओढला ते तिलाही कळलं नाही. बाईंनी केस सारखे केले, खाली पडलेला चष्मा उचलला. चष्म्याची एक काडी वाकली होती. वहिनी म्हणाली, 'द्या, मी नीट करते.' इतकं सगळं घडल्यावर तिच्या तोंडून निघालं ते हे. बाईंनी नको म्हणून मान हलवली, पर्स उचलली आणि गेल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. हळूहळू कुणीच येईना. वहिनीने मनाशी धरलं की बाईंनी सगळीकडे सांगितलं असणार. तिला त्यांचा रागही येईना. सांगणारच ना माणूस.

चर्चला जायचा प्रयत्न तिने करून बघितला. दोन रविवार निभावले. तिसऱ्या रविवारी सगळे माना खाली घालून शांत बसले होते, आणि त्या शांततेत खर्जदादा पुढच्या बाकावरच्या बाईच्या अंगाबद्दल जे बोलला ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. उपासना संपल्यावर निवृत्त हेडमास्तर तिच्याजवळ आले. चर्चच्या कारभारी मंडळाचे ते प्रमुख, इस्त्रीचा शर्ट, आवाज हळू.

'वहिनी, मागच्या खोलीत स्पीकर लावून देऊ आपण. तुम्हाला दोघांना निवांत बसता येईल. तुमच्याच सोयीसाठी म्हणतोय मी.'

'हो सर,' ती म्हणाली. नवऱ्याला घेऊन घरी आली, आणि पुन्हा गेली नाही. दुकानातली नोकरी तिने त्याआधीच सोडली होती. पाळकसाहेबांचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा. 'कसे आहेत दादा?' 'आहेत.' 'आम्ही प्रार्थनेत आठवण करतो. काही लागलं तर सांगा.' लेकीचा फोन रविवारी यायचा. तिला वहिनी सांगायची की बाबा झोपलेत. परदेशात दोन लहान मुलं सांभाळणाऱ्या पोरीच्या जिवाला घोर कशाला?

असं वर्ष उलटून गेलं.

मग ती दुपार आली. खर्जदादा टेबलाशी बसून पाव खात होता. ती पावाचे तुकडे करून, सुपात बुडवून द्यायची, एकेक. त्या दिवशी फोन वाजला म्हणून ती वळली आणि त्याने उरलेला अख्खा पाव तोंडात कोंबला. ती परत वळली तेव्हा त्याचा घास अडकला होता. आवाज नाही. डोळे बाहेर, हात टेबलावर आपटतोय, चेहरा लाल, मग जांभळट. अशा वेळी काय करायचं ते तिला पक्कं माहीत होतं. दवाखान्यात शिकवलं होतं, आणि तिने ते एक-दोनदा केलंही होतं. मागे जायचं, वाकवायचं, पाठीत जोरात थापा मारायच्या.

ती गेली नाही. ती उभी राहिली. हातात चमचा होता. त्याचे डोळे तिच्यावर होते आणि ती त्या डोळ्यांत बघत उभी राहिली, आणि तिच्या आत कुठेतरी एक अगदी शांत आवाज म्हणाला, झालं आता.

किती वेळ गेला ते तिला कधीच सांगता आलं नाही. मग तो खुर्चीवरून कलंडला, त्याची छाती टेबलाच्या कडेवर आपटली आणि लगदा बाहेर पडला. तो घशातून घरघर काढत श्वास घेऊ लागला. मग रडू लागला, लहान मुलासारखा, तिच्याकडे हात पसरून. तिने त्याला उचललं, तोंड पुसलं, पलंगावर नेऊन निजवलं. मग जमिनीवर बसून तिने फोन हातात घेतला आणि पाळकसाहेबांचा नंबर लावला.

'वहिनी? सगळं ठीक?'

'मी उभी राहिले,' ती म्हणाली. 'तो मरत होता आणि मी नुसती उभी राहिले.'

ते आले तेव्हा त्यांच्या हातात बायबल होतं आणि शर्टाची बटणं वरखाली लागली होती. तिने सगळं सांगितलं. सांगताना ती रडली नाही. पाळकसाहेबांनी चष्मा वर ढकलला, घसा खाकरला.

'वहिनी, देवाची क्षमा...'

'क्षमेचं नंतर बघू,' ती म्हणाली. 'मला आधी झोपायचंय.'

मग त्यांनी बायबल फ्रिजवर ठेवलं, कोट काढला आणि बाह्या दुमडल्या. 'झोपा. मी आहे.'

'तुम्हाला जमणार नाही.'

'मग काय करायचं ते सांगा.'

तिने सांगितलं. कोरडं काही द्यायचं नाही. समोरून जायचं, मागून हात लावायचा नाही. त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहायचं नाही. ओरडला तर आपला आवाज खाली आणायचा. रडला तर हात धरू द्यायचा, बोटं दुखली तरी. मग ती आतल्या खोलीत जाऊन चपलांसकट आडवी झाली.

जाग आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. ती दचकून उठली, धावत बाहेर आली. खर्जदादा खुर्चीत पेंगत होता. पाळकसाहेब जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. शर्टावर सूप सांडलेलं, गालावर ओरखडा, केस विस्कटलेले. खर्जदादाचा पायजमा बदललेला होता. कोणी बदलला हे विचारायची गरज नव्हती. सगळीकडे फिनेलचा वास होता.

तिने त्यांना पाण्याचा पेला दिला.

'मी व्यासपीठावरून सांगितलं होतं की ते परत आले,' ते म्हणाले.

'हो.'

'मला हे माहीत नव्हतं, वहिनी.'

'तुम्ही विचारायचात, कसे आहेत. मी म्हणायचे, आहेत. तुमचं तेवढ्यावर भागायचं.'

वहिनीला वाटलं, आपण फार लागेल असं बोललो. पण तिने ते मागे घेतलं नाही.

निघताना त्यांनी विचारलं, 'मंडळीला सांगू?'

'उभी राहिले ते नाही. बाकी सांगा. शिव्या, मार, पायजमा, सगळं सांगा. नुसतं आजारी आहेत म्हणून नका सांगू.'

त्या रविवारी चर्चमध्ये काय झालं ते तिला नंतर कळलं. पाळकसाहेबांनी प्रवचनाचा कागद उघडलाच नाही. म्हणाले, मी तुम्हाला अर्धी गोष्ट सांगून घरी पाठवलं होतं, उरलेली आज ऐका. मग त्यांनी एका दुपारी त्या घरात काय केलं ते जसंच्या तसं सांगितलं, सूप आणि पायजम्यासकट. काही बायांनी नाकाला रुमाल लावला. ते म्हणाले, आजपासून या चर्चमध्ये कुणी कुणाला 'काही लागलं तर सांगा' म्हणायचं नाही. वार आणि वेळ सांगायची. मंगळवार सकाळ म्हणा, शुक्रवार दुपार म्हणा, नाहीतर गप्प बसा.

हेडमास्तर उठले. ते काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. 'हे शिकलेल्या माणसांचं काम आहे. उद्या तो कुणाच्या अंगावर धावून गेला तर जबाबदारी कुणाची?'

तेव्हा ऑर्गनमागून बाई उठल्या. 'माझ्या अंगावर आला होता,' त्या म्हणाल्या. 'मी मंगळवारी जाते. पण एकटी जाणार नाही.'

चर्चमधल्या सगळ्या माना ऑर्गनकडे वळल्या. कारण ही गोष्ट त्या क्षणापर्यंत तिथे कुणालाच माहीत नव्हती.

मंगळवारी सकाळी वहिनीने दार उघडलं तर बाहेर बाई, आणि त्यांच्या मागे अख्खं दार भरून खाटीक. हा खाटीक म्हणजे दोन माणसांचा एक माणूस, पण आवाज पिपाणीसारखा. गायकमंडळात तो वरचा सूर गायचा आणि खर्जदादा त्याला 'आमची कोकिळा' म्हणायचा.

'तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं,' वहिनी बाईंना म्हणाली.

'काय सांगणार होते? त्याचं नाव गेलं असतं, आणि तुझंही.' बाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. 'पण मी भ्यायले होते. वर्षभर तुझी गल्ली टाळून लांबून वळसा घालून बाजाराला गेले. तेही ऐकून ठेव. आता आत घेतेस का, की इथेच उभं करणार?'

खाटीक पिपाणीच्या आवाजात म्हणाला, 'वहिनी, मी दादाला उचलू शकतो. मला बाकी काही येत नाही, पण उचलता येतं.'

तिने बाजूला होऊन वाट दिली.

दवाखान्यातली एक नर्स चर्चच्या हॉलमध्ये येऊन सगळ्यांना शिकवून गेली. कसं धरायचं, कसं सुटायचं, कधी नुसतं खोलीबाहेर पडायचं. शिकायला बरेच आले, टिकले थोडे. पण हॉलमध्ये भलतीच माणसं दिसू लागली. घड्याळवाल्याची बायको आली, जिचा तरणा मुलगा खोलीचं दार उघडत नव्हता आणि हे तिच्या शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. आईच्या विसराळूपणाने नाकी नऊ आलेला एक शिक्षक आला. ही माणसं इतकी वर्षं एकमेकांच्या शेजारच्या बाकावर बसत होती. नर्स गेल्यावरही ती हॉलमध्ये रेंगाळायची, खुर्च्या आवरायच्या निमित्ताने.

हेडमास्तरसुद्धा आले एके शुक्रवारी. खर्जदादासमोर बसून वर्तमानपत्र वाचून दाखवू लागले. दादाने त्यांना अशी एक शिवी दिली की उभ्या जन्मात शाळेतल्या कुठल्या पोराची तशी हिंमत झाली नसेल. हेडमास्तरांनी पान उलटलं आणि म्हणाले, 'आवाज खणखणीत आहे. फुप्फुसं उत्तम.' आणि पुढची बातमी वाचली. वहिनीला हसू फुटलं. ती स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर ओढणी दाबून हसली, आणि हसता हसता तिला जाणवलं की गाल दुखतायत.

आठवड्यातून दोन दुपारी ती दुकानात जाऊ लागली. मालकाने तिची खुर्ची तशीच ठेवली होती. पहिल्या दिवशी तिच्या हातून एक काच तडकली. दुसऱ्या दिवशी नाही. लेकीलाही तिने एका रविवारी खरं सांगितलं. लेक फोनवर रडली, मग चिडली. 'मला का नाही सांगितलंस?' वहिनी म्हणाली, 'आता सांगतेय ना.'

इथे ही गोष्ट थांबली असती तर किती बरं झालं असतं. पण पाळकसाहेबांसारखी अर्धीच सांगून चालायचं नाही.

हिवाळा संपता संपता एका मंगळवारी वहिनी दुकानात होती. घरी बाई आणि खाटीक होते. खाटीक आत चादर बदलत होता. बाहेरचा जिना नुकताच धुतलेला होता, पायऱ्यांवर पाणी होतं. खर्जदादाला बाहेर जायचं होतं. तो घसरेल म्हणून बाई दारात आडव्या झाल्या. शिकवलेलं सगळं त्यांना ठाऊक होतं, दाराच्या मध्ये उभं राहायचं नाही हेही. पण पडणारा माणूस समोर दिसत असताना ते आठवतं का? त्याने त्यांचा डावा हात धरला, पिळला आणि दार त्याच्यावर आपटलं. एकदा नाही.

खाटीक धावत आला तेव्हा बाई जमिनीवर बसल्या होत्या आणि मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं. खर्जदादा जिन्यात उभा राहून, काही झालंच नाही अशा थाटात, जेवायला मागत होता.

वहिनी दवाखान्यात पोचली तेव्हा प्लास्टर घालून झालं होतं. डॉक्टरांनी बोटांचं सांगितलं होतं. दोन बोटं पूर्ववत होतील अशी आशा धरू नका म्हणाले. वहिनी पलंगाच्या कडेला बसली आणि तिला हुंदके आवरेनात.

'हात माझा मोडलाय,' बाई म्हणाल्या. 'तू का रडतेस?'

'बाई, तुमचा ऑर्गन...'

'माहीत आहे मला.' बाईंचा चेहरा भिंतीकडे होता. 'मला राग आलाय. प्रचंड आलाय. त्याच्यावर नाही, तो कुठे आहे आता राग धरायला? कुणावर ते माहीत नाही. देवावर असेल. पाळकाला सांग, आज प्रार्थनेला येऊ नको म्हणावं, मी काहीतरी फेकून मारेन.'

जरा वेळाने त्या वळल्या. 'तुला त्याला ठेवावं लागेल कुठेतरी.'

'मी नाही ठेवू शकत बाई. तुम्ही सगळ्यांनी इतकं केलंत आणि मी...'

'आम्ही केलं म्हणून तू त्याला घरात ठेवायचं? हे कुठलं देणं? आज मनगट होतं. पुढच्या वेळी तुझी मान असेल. आणि त्या दिवशी मंगळवार नसेल.'

वहिनीने मान खाली घातली. त्या रविवारी पाळकसाहेबांनी मंडळीला मनगटाचंही सांगितलं. काही लपवलं नाही. काही घरं त्यानंतर मागे सरली, आणि कुणी त्यांना बोल लावला नाही.

मेंदूला मार बसलेल्यांसाठीची एक संस्था होती, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. जागा मिळेपर्यंत उन्हाळा आला. पाळकसाहेबांनी गाडी चालवली. मागच्या सीटवर खर्जदादा मधे, एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला खाटीक. वाटेत दादा शांत होता. एके ठिकाणी बाहेर लाकडाची वखार दिसली, ओंडके रचलेले. त्याने काचेला हात लावला आणि म्हणाला, 'साग.' एवढंच. वहिनीचा जीव गलबलला. परत वळवा गाडी, असं ओठांपर्यंत आलं. तिने ओठ मिटून घेतले.

खोली स्वच्छ होती. पलंग जमिनीला पक्का ठोकलेला, खिडकीला जाळी, भिंतीला फिकट हिरवा रंग. तिने त्याचे कपडे कपाटात लावले. तिला वाटलं होतं तो हात सोडणार नाही, आक्रोश करेल, आणि त्याची तिने सगळ्या वाटेत तयारी केली होती. तो म्हणाला, 'जेवण कधी?' आणि मदतनीसाच्या मागे जेवणघराकडे निघून गेला. त्याने वळून बघितलं नाही. या गोष्टीची तयारी तिने केली नव्हती.

चर्चमध्ये ती परत जाऊ लागली. गायकमंडळ आता ऑर्गनविना गायचं. बाई पुढच्या बाकावर बसायच्या, हात मांडीवर. सूर कुठेकुठे घसरायचा तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची बोटं हलायची. एकदा पाळकसाहेब वहिनीला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, की घड्याळवाल्याच्या मुलाचं फार बिघडलंय, त्याची आई अगदी गळून गेलीय, तुम्ही जाल का तिच्याकडे? तुमच्याइतकं कुणाला समजणार?

'नाही,' वहिनी म्हणाली. 'अजून नाही. आत्ता मला कुणाची ओली चादर दिसली तर मी ओरडेन.'

त्यांनी चष्मा वर ढकलला. 'बरं,' ते म्हणाले. आणि पुन्हा विचारलं नाही. शुक्रवारी हेडमास्तर गेले म्हणे, काखेत वर्तमानपत्र घेऊन.

महिन्यातून एकदा ती आणि खाटीक बसने संस्थेत जायचे. औषधं वाढवली होती. खर्जदादा बारीक झाला होता, मान पुढे झुकलेली, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ. आता तो कुणाला मारत नव्हता. शिव्याही देत नव्हता. पावसाळ्यात ते गेले तेव्हा खाटकाने त्याला चमच्याने फळाचा गर भरवला आणि पिपाणीच्या आवाजात एका गीताची ओळ धरली, खालच्या सुरासाठी जागा ठेवून. दादाचे ओठ हलले. आवाज आला नाही. नुसती हवा.

नव्या नर्सने विचारलं, 'तुम्ही यांच्या कोण?'

'बायको,' वहिनी म्हणाली.

परत निघाले तेव्हा स्टॉपवरच्या ओल्या बाकावर ती बसली आणि तिला रडू कोसळलं. दवाखान्यातल्या त्या पहिल्या दिवसापासूनचं सगळं एकदम. खाटीक शेजारी टेकला. त्याने तिची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून बसला. बस आली, कंडक्टरने दोघांकडे बघितलं. खाटकाने मान हलवून नको म्हटलं. बस गेली. पुढची संध्याकाळी होती.